दोन डबे आणि गुडघ्यांचा आकडा

२ जानेवारी, मंगळवार

नवी वही. ह्यांना निवृत्तीच्या वेळी ऑफिसातून तीन कोऱ्या वह्या मिळाल्या, त्यातली ही दुसरी. या वहीत फक्त खरं लिहायचं, असं सकाळी देवासमोर ठरवलं. कुणाला दाखवायचीच नाही, तर खोटं लिहायचं कारण काय?

अकरा वाजता विद्यापीठातली मुलगी आली. तिचं पीएच.डी.चं संशोधन आहे, पंचावन्नच्या पुढच्या बायकांच्या गुडघ्यांवर. अशा साठ बायका जमवल्यात. एक पांढरी पावडर रोज दुपारी तीनला कोमट पाण्यातून घ्यायची, बारा आठवडे. निम्म्या डब्यांत औषध, निम्म्यांत नुसतं पीठ. कुठल्यात काय, ते तिलाही माहीत नाही. मार्चअखेर कळेल. हे म्हणाले, शेवटपर्यंत कुणालाच काही माहीत नाही, म्हणजे अगदी आमच्या ऑफिससारखं.

मला अ डबा, धाकटीला ब. धाकटी म्हणजे माझी जाऊ. भाऊजी गेल्यापासून नऊ वर्षं आमच्याकडेच असते. मुलीने दोन्ही डबे छोट्या काट्यावर तोलले, वजन लिहून घेतलं. संमतीपत्र चार पानी होतं. मी संपूर्ण वाचून सही केली. धाकटीने न वाचता केली. मॅट्रिकचा फरक इथे दिसतो.

रोज गुडघा किती दुखला त्याचा आकडा तक्त्यात लिहायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. मुलगी म्हणाली, काकू, आपापला तक्ता आपण भरायचा हं. मी मान डोलावली. धाकटीचं अक्षर वाईट आहे, तेव्हा दोन्ही मीच भरीन.

४ जानेवारी, गुरुवार

डब्यांची झाकणं सैल. पावडरीला दमट हवा लागणार. दोन डबे, दोन चमचे, दोनदा उघडझाक, कशाला? चाखून बघितलं: रंग तोच, वास तोच, चव नाहीच. दोन्ही स्टीलच्या मोठ्या घट्ट डब्यात ओतले. मुलीचे डबे पुसून फळीवर ठेवले. लेबलं जपली आहेत. कुठलीही वस्तू नीट वापरली तर टिकते.

७ जानेवारी, रविवार

तक्ते भरले. रोज रोज दोन आकड्यांसाठी पेन काढण्यापेक्षा रविवारी जप झाला की आठवड्याचे एकदम. माझे: एक, दोन, एक, एक, दोन, एक. सगळे एकसारखे लिहिले तर मन लावून भरलं नाही असं वाटतं.

धाकटीला विचारलं, तुझा किती? म्हणाली, नऊ.

मी म्हटलं, अगं, नऊ? परक्या माणसाच्या हातात कागद जाणार आहे. विद्यापीठात काय म्हणतील, या घरात बाईला नऊ दुखेपर्यंत ठेवली? ती म्हणाली, बरं ताई, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. मी तीन लिहिलं. खोटं नाही. सकाळी उठताना नऊ असेल, झोपेत तर शून्यच ना. सरासरी.

१६ जानेवारी, मंगळवार

मुलगी सकाळीच येऊन धडकली. दर पंधरवड्याला यायचं ठरलंय हे मी विसरले नव्हते, वेळ तेवढी सांगितली नव्हती. म्हणाली, काकू, डबे द्या, तोलायचेत. मी म्हटलं, बस, आत आहेत. स्वयंपाकघरात जाऊन मोठ्या डब्यातली पावडर दोन्ही डब्यांत परत भरली. अंदाजपंचे नाही, घरच्या काट्यावर मोजून, निम्मी निम्मी. आपल्याकडून कुणाला कमीजास्त जायला नको.

तिने अ तोलला, ब तोलला. मग परत अ, परत ब. म्हणाली, दोन्ही अगदी सारखे आहेत, काकू. मी म्हटलं, या घरात भेदभाव नाही. तिने वजनं वहीत लिहून घेतली. माझ्या नेटकेपणाचं नवल वाटलं असावं.

तक्ते बघून म्हणाली, इतके स्वच्छ तक्ते साठांत कुणाचे नाहीत, एकही खाडाखोड नाही. मग पाय स्टुलावर ठेवून अर्धा तास खुर्चीत बसली. पाचवं वर्ष आहे म्हणे. मार्गदर्शक मधेच बदलले, आई रोज फोनवर विचारते, झालं का? पोर वाळली आहे.

ती गेल्यावर पावडर परत मोठ्या डब्यात.

२१ जानेवारी, रविवार

हे रविवारी हाताला लागेल ते मोठ्याने वाचतात. आज संमतीपत्र लागलं. पान तीन: 'एकाच घरात दोन सहभागी असल्यास डबे एकमेकांत मिसळू नयेत.'

मी चारही पानं वाचली होती. तिसरं चौथ्याला चिकटलेलं असणार. छपाईची शाई ओली असेल.

ह्यांनी स्टीलच्या डब्याकडे पाहिलं. म्हणाले, म्हणजे आता तू काय घेतेस नि ती काय घेते, ते फक्त देवाला माहीत. मी म्हटलं, त्याच्यापाशी आहे तर सुरक्षित आहे.

पण मन लागेना. मुलीचं सगळं संशोधन म्हणजे अ वेगळा आणि ब वेगळा. तिची पाच वर्षं माझ्या फळीवरच्या डब्यात. ठरवलं: ३० तारखेला येईल तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत, पाणी देण्याआधी, सरळ सांगून टाकायचं.

३० जानेवारी, मंगळवार

सांगितलं नाही. पाणी आधी द्यावं लागलं, उन्हातून आली होती. एकदा पाणी दिल्यावर असं बोलणं बरं दिसत नाही.

जाताना दारात थांबली. म्हणाली, काकू, आमच्याकडे नीती सल्ला कक्ष आहे. संशोधनात काही योग्य-अयोग्यचा पेच पडला की तिथल्या तज्ज्ञांना विचारता येतं. विद्यार्थ्यांनाच नाही, तुमच्यासारख्या सहभागींनाही. बुधवारी तीन ते पाच. नाव सांगायची सक्ती नाही. कागदावर नंबर लिहून दिला.

हे मला का सांगितलं असेल? माझ्याशी बोलताना तिला जाणवलं असणार की या बाईला अशा विषयांची समज आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

सल्ला कक्षात जाऊन आले. माझ्यासाठी नव्हे, एकूण विषय समजून घ्यायला.

दुसरा मजला, लिफ्ट बंद. शेहेचाळीस पायऱ्या. मधल्या टप्प्यावर दोनदा बसले, इमारत बघण्यासारखी आहे म्हणून. बाकावर माझ्याआधी एक चष्मेवाला मुलगा होता. त्याचा पेच: निबंध त्याने एकट्याने लिहिला आणि सरांना त्यावर स्वतःचं नाव पहिलं हवंय. मी त्याला सांगितलं, खरं बोलावं, घाबरू नये. त्याला बरं वाटलंसं दिसलं.

दाराशी भेटीचं रजिस्टर. नावाच्या रकान्यात 'ऐच्छिक' लिहिलेलं. बहुतेकांनी कोरा सोडला होता. मला रिकामा रकाना बघवत नाही. पूर्ण नाव, पत्ता, फोन, सगळं भरलं.

आत एक प्राध्यापिका. सर्दी झालेली, गळ्याला मफलर, पुढ्यात थर्मास. मी म्हटलं, एका ओळखीच्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या घरी दोन डबे होते, ते चुकून एक झाले. त्या शांतपणे ऐकत होत्या. विचारलं, त्या बाईंच्या घरी दुसऱ्या कोण? म्हटलं, जाऊ. त्यांना जास्त दुखतं का? मी म्हटलं, मुद्दा डब्यांचा आहे. त्या म्हणाल्या, डब्यांचं होतं असं, त्यासाठी साठात एक-दोघींची जागा धरलेलीच असते. बाजूला काढतात, संशोधन बुडत नाही. पण तक्त्यात दुखणं कमी लिहिलं असेल तर ते मोठं. सलग दोन आठवडे सातच्या वर आकडा आला की डॉक्टर त्या बाईला बोलावून तपासतात, फुकट. कमी लिहिलं की तिला कुणी बोलावत नाही. तुमच्या ओळखीच्या बाईंना एवढं सांगा.

मी म्हटलं, सांगते.

तर तज्ज्ञांचं मत असं पडलं की डब्यांचं काही विशेष नाही. जिवावरचं ओझं उतरलं. उगीच पंधरा दिवस काळजी केली.

जिना उतरायला वीस मिनिटं. आजचा आकडा: दोन.

११ फेब्रुवारी, रविवार

दुसऱ्या मुद्द्याचाही विचार केला. करायचं म्हटलं तर अवघड नाही. पण धाकटीला तीनवरून एकदम नऊवर कसं नेणार? मागचे पाच आठवडे खोटे वाटतील. हळूहळू चढवायचं ठरवलं, आठवड्याला अर्धा. या आठवड्यात साडेतीन.

हिशेब केला. या गतीने नऊ आकडा एप्रिलअखेर येतो. संशोधन मार्चमध्ये संपतं. बघू.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी आली. मी बोलणार होते, पण तीच धाकटीशी बोलत बसली. धाकटी चहा घेऊन आली ती भिंतीला हात लावत. मुलीने विचारलं, मावशी, खरं सांगा, किती दुखतं? मी म्हटलं, साडेतीन. मुलगी म्हणाली, मी मावशींना विचारतेय, काकू. मी म्हटलं, ती लाजते गं, तिच्या वतीने मलाच सांगावं लागतं. मुलीने परत विचारलं, जिना चढता येतो? मी म्हटलं, तिला कुठे जायचं असतं? धाकटी खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी धुणं वाळत होतं, तेच.

कप न्यायला उठली तेव्हा मुलीने स्वतःच कप उचलले आणि मोरीत ठेवून आली. चांगल्या घरची आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

विद्यापीठाचं पत्र. लेटरहेड, शिक्का, सही. 'आपण सल्ला कक्षात उपस्थित केलेल्या प्रश्नाच्या अनुषंगाने नीती समिती १३ मार्च रोजी दुपारी तीन वाजता आपली भेट घेऊ इच्छिते. शक्यतो घरातील दुसऱ्या सहभागींनाही सोबत आणावे.'

दोनदा वाचलं. अशा समितीत एक बाहेरचं, सामान्य पण विचारी माणूस घेतात, असं कक्षाच्या भिंतीवर लिहिलेलं मी वाचलं होतं. माझ्या बोलण्यावरून त्या प्राध्यापिकांना अंदाज आलेला दिसतो. ह्यांना पत्र दाखवलं. म्हणाले, सभासद करायला बोलावतात की झडती घ्यायला? या माणसाला कुठल्याही गोष्टीचं कौतुक नाही.

'दुसऱ्या सहभागी' हे औपचारिकतेसाठी घातलं असावं. समितीत जागा एकच असणार. धाकटीला उगीच शेहेचाळीस पायऱ्या.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी म्हणाली, काकू, पत्र मिळालं ना? मावशींना नक्की आणा हं, लिफ्ट दुरुस्त झालीय. मी म्हटलं, बघते. डब्यांचं आता समितीसमोरच बोलेन, तेच रीतसर होईल.

भाषणाची तयारी सुरू. विषय: संशोधनातील सचोटी आणि गृहिणीची भूमिका. दोन पानं झाली.

३ मार्च, रविवार

सकाळी धाकटी न्हाणीघरात गेली ती बाहेर येईना. मी देवासमोर होते. ह्यांनी दारावर थाप मारली तर आतून म्हणाली, स्टुलावरून उठता येत नाहीये. किती वेळ झाला? म्हणाली, बराच. हाक का नाही मारलीस? म्हणाली, ताई जपाला बसल्या होत्या, आणि शेजारी ऐकू गेलं असतं.

दोघांनी मिळून उठवली. पाण्याने बोटं सुरकुतली होती.

दुपारी तक्ते घेऊन बसले. तिला विचारलं, किती? म्हणाली, तुम्ही लिहिताच की ताई. म्हटलं, तरी सांग. म्हणाली, नऊ. जानेवारीतही नऊच होतं.

अर्ध्या-अर्ध्याच्या हिशेबाने या आठवड्याला पाच येत होतं. पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. आजचा रकाना कोरा सोडला. दोन महिन्यांत पहिला.

फार थकायला झालंय. काही काम केलं नाही तरी.

१० मार्च, रविवार

तिचा पूर्ण आठवडा कोरा. माझा भरला. भाषण पाठ झालं. धाकटी म्हणाली, मला न्यायचंय ना? पत्र ह्यांनी वाचून दाखवलं असणार. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

१३ मार्च, बुधवार

संध्याकाळचे सात. दिवा लावला, जप झाला नाही.

लांबट टेबल, चार माणसं: सर्दीवाल्या प्राध्यापिका (सर्दी गेली आहे), एक डॉक्टर, एक वकील, आणि टोकाला दफ्तर सांभाळणारा कारकून. कोपऱ्यात आपली मुलगी. मी नमस्कार केला आणि भाषण सुरू केलं. कुणी अडवलं नाही. कारकून लिहून घेत होता, दुसऱ्या पानावर थांबला. संपल्यावर वकील म्हणाले, छान. मग डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या जाऊबाई आल्या नाहीत?

मी म्हटलं, डब्यांबाबत मला एक निवेदन करायचं आहे.

मुलगी म्हणाली, काकू, डब्यांचं आम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी अ डबा ब पेक्षा बावीस ग्रॅम जड होता. सोळा जानेवारीला दोन्ही ग्रॅमला ग्रॅम सारखे. तसं आपोआप होत नाही. तेव्हापासून तुम्ही दोघी मोजणीतून बाहेर आहात.

सोळा जानेवारी. म्हणजे पहिल्याच पंधरवड्यात. मी विचारलं, मग दर पंधरवड्याला येत कशाला होतीस? म्हणाली, आकडे वगळले तरी माणसाची जबाबदारी बारा आठवडे राहते, असा नियम आहे. मावशींचे तक्ते आणि मावशींचं चालणं जुळत नव्हतं. मी विचारायचे आणि प्रत्येक वेळी उत्तर तुम्ही द्यायचात. मग म्हणाली, आणि खरं सांगू, पाय वर करून बसता येईल असं माझ्या यादीत तुमचंच एक घर होतं.

प्राध्यापिका म्हणाल्या, तुमच्याआधी पंधरा दिवस हीसुद्धा कक्षात येऊन गेली होती. तुमच्यासारखंच म्हणाली, एका घरात असं असं आहे, सहभागी बाईंना न दुखवता कसं विचारावं? आम्ही सांगितलं, थांबून बघ, त्या स्वतः सांगतील. तो सल्ला आमचा चुकला. थांबायला नको होतं, कारण दुखणं थांबलं नव्हतं. आज समिती त्यासाठीच बसली आहे.

म्हणजे सभा माझ्यासाठी नव्हती. माझ्यासारखंच त्यांनीही थांबण्यात दोन महिने घालवले होते, फक्त त्यांनी ते टेबलाभोवती बसून कबूल केलं.

डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची वेळ दिली, धाकटीच्या नावाने. प्राध्यापिकांनी विचारलं, हा प्रसंग नाव न घालता विद्यार्थ्यांना शिकवायला वापरू का? तीन पानी संमतीपत्र पुढे केलं. मी या वेळी तिसरं पान सुटं करून वाचलं. 'सहभागीने निष्काळजीपणे' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, निष्काळजीपणे नाही, काटकसरीने. कारकुनाने दुरुस्ती केली. सही केली.

लिफ्ट चालू होती. मी जिन्याने उतरले. का, ते माहीत नाही.

२० मार्च, बुधवार

धाकटीला घेऊन गेले. गुडघ्याचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, उजव्या गुडघ्यात हाडाला हाड घासतंय, हे दोन महिन्यांचं नाही, तीन-चार वर्षांचं आहे. ऑपरेशन लागेल. आधी का नाही आलात, असं त्यांनी तिला विचारलं. मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. ती म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे मी सांगितलं नव्हतं.

हे ती माझ्यासाठी म्हणाली, एवढं मला कळतं.

२ एप्रिल, मंगळवार

मुलगी डबे परत न्यायला आली. गुपित उघडलं: अ मध्ये औषध होतं, ब मध्ये पीठ. उरलेल्या अठ्ठावन्न बायकांत औषधवाल्या आणि पीठवाल्या सारख्याच बऱ्या झाल्या. मुलीला त्यावर प्रबंध लिहायचाय. काही निष्पन्न झालं नाही, हेही निष्पन्नच असतं म्हणे. आईला काय सांगणार, विचारलं. म्हणाली, होत आलंय, हेच.

पाणी दिलं. पाय वर करून बसली. धाकटीसाठी नवा तक्ता आणला होता, ऑपरेशनपर्यंत डॉक्टरांना दाखवायला. पेन धाकटीच्या हातात दिलं. धाकटीने 'नऊ' लिहिलं, रकान्याच्या बाहेर गेलं.

मुलगी गेल्यावर धाकटी म्हणाली, ताई, तुमचा शेवटचा आठवडा राहिलाय ना? आणा इकडे, मी भरते. मी म्हटलं, आता कुणी मोजणार नाही. म्हणाली, रिकामा रकाना तुम्हाला बघवत नाही ना? सांगा, किती?

मी म्हटलं, एक.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, पहाटे देवासमोरून उठताना तुम्ही टेबलाचा पाय धरता, तेव्हा टेबल करकरतं. मला आतल्या खोलीत ऐकू येतं, नऊ वर्षं.

आणि सात लिहिलं. सातही दिवस.

अक्षर वाईट आहे. आकडा बरोबर आहे.